अमानपूरचा दरवान

मेहरुन्निसा औरंगाबादेत आली ती बैलगाडीतून, कपाळावर कुंकू लावून आणि दुसऱ्या बाईचं लुगडं नेसून. मांडीवर चार वर्षांची शमशाद होती. गाडी त्यांच्याच गावचा बन्सी हाकत होता आणि शेजारी त्याची बायको साळूबाई बसली होती. वाटेत कुणी हटकलं की साळूबाई पदर सावरून सांगायची, "धाकली भन हाय माजी. लेकरू तापानं फणफणलंय, शहरात दावायला चाललोत." मेहरून मान खाली घालून बसायची. शमशादला बजावून ठेवलं होतं की बोलायचं नाही, अम्मीला अम्मीसुद्धा म्हणायचं नाही. पोरीनं ते इतकं मनावर घेतलं की शहरात पोहोचल्यावरही तिचं तोंड उघडलं नाही.

पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. वैजापूरच्या पलीकडं, निजामाची हद्द संपायची तिथं करोडगिरीचा नाका होता. येणाऱ्याजाणाऱ्या मालाच्या गाड्या थांबवून तिथं जकात घेत. मेहरूनचा नवरा गयास त्या नाक्यावर शिपाई होता. आडवा बांबू वर करायचा, खाली करायचा, कोठीच्या किल्ल्या सांभाळायच्या, एवढंच त्याचं काम. त्याआधी रझाकारांनी त्या भागात उच्छाद मांडला होता, गावं लुटली होती, माणसं मारली होती. गयास त्यांच्यातला नव्हता. ते आले की तो कोठीच्या मागं जाऊन लपायचा. पण फौज आली, नाक्यावरचे साहेब पळून गेले, फौजही पुढं निघून गेली आणि मग कुठून कुठून टोळकी उठली. त्यांना सूड घ्यायला नाक्याचा डगला अंगात असलेला माणूस पुरेसा होता.

त्या सकाळी मेहरूननं त्याला अडवलं होतं. तो फडक्यात भाकरी बांधत म्हणाला, "नाका खुल्ला छोडके कैसा बैठूं? चाब्यां मेरे पास हैं." आणि गेला.

दुपारी गावाबाहेर आरडाओरडा ऐकू आला. साळूबाई धावत आली आणि मायलेकींना ओढत आपल्या शेतात घेऊन गेली. बाजरी डोक्याच्या वर गेली होती, तिच्यात त्या दिवस मावळेपर्यंत बसून राहिल्या. अंधार पडताना बन्सी आला. कोपरापर्यंत चिखल. तो मेहरूनकडं बघेना, आणि मेहरूननंही त्याला काही विचारलं नाही. साळूबाईनं आपलं लुगडं तिच्या अंगावर टाकलं, कुंकवाचं बोट कपाळाला टेकवलं आणि बैल जुंपायला सांगितलं.

शहरात, रोशन गेटच्या आत, मेहरूनची एक लांबची खाला, म्हणजे मावशी, राहायची. तिनं तटाला लागून असलेली एक खोली यांना दिली. खोलीची मागची भिंत म्हणजे शहराचा जुना तटच होता. उन्हाळ्यात ते दगड तापायचे, पावसाळ्यात त्यांतून पाणी झिरपायचं. शेजारी नवाब नावाचा म्हातारा पिंजारी होता. तो कापूस पिंजून रजया भरायचा आणि मेहरून त्यांना टाके घालून द्यायची. पोटाची सोय लागली, पण पोरगी खाईना. घास पुढं केला की ओठ घट्ट मिटायची. हाताच्या काड्या झाल्या, डोळे खोल गेले. खालानं ताईत बांधला, हकिमाची पुडी दिली, कशानं काही होईना.

एका संध्याकाळी मेहरून घास धरून धरून थकली. हात खाली घेणार एवढ्यात पोरगी बोलली. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा.

"अब्बा कां हैं?"

मेहरूनला तरी कुठं माहीत होतं? मेलेला तिनं पाहिला नव्हता. कुणी तसं तिला सांगितलंही नव्हतं, कारण तिनं सांगू दिलं नव्हतं. तिच्या पाठीला तटाचा दगड लागत होता. तोंडाला येईल ते ती बोलून गेली.

"दूर एक शहर है. उसकू बडी दीवार है. अब्बा वहां दरवाजे पे हैं."

शमशादनं घास घेतला.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घासाला आणखी थोडं शहर लागलं. शहराचं नाव अमानपूर. त्याचा तट दिवसा साधाच, पण सूर्य खाली जाऊ लागला की तो दगडादगडानं आपोआप उंच होतो. दारामागं दार आहे आणि प्रत्येक दाराशी पाण्याचा हौद. हत्यार घेऊन आलेला माणूस दारात उभा राहिला की त्याच्या तलवारीचं गवत होतं, आणि ते गवत आतल्या बकऱ्या खातात. आत झाडांना फळांच्या जागी कंदील लागतात. कुणी रडलं तर त्या गल्लीतल्या खिडक्या बंद होतात, कारण रडणाऱ्याकडं बघत बसणं त्या शहरात वाईट समजतात. आणि सगळ्यांत शेवटच्या दाराशी, लाकडी तिवईवर, कमरेला किल्ल्या लावून अब्बा बसलेले असतात.

पोरगी खाऊ लागली, बोलू लागली, गल्लीत खेळू लागली. पण तिचे प्रश्नही वाढले. अब्बा घरी का येत नाहीत? मेहरूननं सांगितलं की दरवान तिवईवरून उठला तर दार कायमचं बंद होतं. मग आपापल्या गावातून जीव घेऊन पळत आलेली माणसं बाहेरच राहतील. त्यांनी कुठं जायचं? शमशादनं विचार केला आणि मान डोलावली. हे तिला पटलं.

खरं तर ते मेहरूनलाही पटलं होतं. टाके घालताना ती स्वतः त्या शहरात हिंडायची. त्यानं आज काय खाल्लं असेल, थंडीचं पांघरायला कुणी दिलं असेल का, याचा विचार करायची. नवरा गेल्यावर पाळायची इद्दत तिनं पाळली नाही, हातातल्या बांगड्या उतरवल्या नाहीत. गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या. खालानं मरण्याआधी एकदा स्पष्ट सांगितलं की बाई, बेवा झालीस, बेवासारखी राहा. मेहरूननं त्या दिवसापासून खालाशी बोलणं कमी केलं.

साळूबाई दर वर्षी खळं झालं की बाजरीचं गठुडं घेऊन यायची. शमशादच्या डोक्यावरून हात फिरवायची, गावाकडचं सांगायची, आणि निघताना उंबऱ्याशी थांबायची.

"मेहरून, एक बोलायचं हाय."

"चहा घे ना आक्का आधी."

"चहा झाला गं. तुज्या मालकाचं..."

"तुझ्या गाईला वासरू झालं म्हणालीस. कोणत्या रंगाचं?"

साळूबाई तिच्या तोंडाकडं बघायची आणि मग वासराचा रंग सांगायची. असं दर वर्षी चाललं.

शमशाद नऊ वर्षांची झाली त्या हिवाळ्यात नवाब पिंजाऱ्याचं एक बोलणं झालं. साधंच. तो रजई भरता भरता पोरीला सांगत होता की तरुणपणी आपण दौलताबादच्या किल्ल्यात गेलो होतो. काय तो तट, दारामागं दार, एक ओलांडलं की दुसरं. शमशादनं विचारलं, तिथं दरवान असतो का? नवाब म्हणाला, असतो की, दारावर दरवान नाही तर कोण असणार. रस्ता कुठून जातो तेही तिनं विचारून घेतलं. भडकल दरवाजातून बाहेर, छावणी ओलांडून सरळ. नवाब हे सगळं विसरूनही गेला.

एका सकाळी मेहरून कापड आणायला चौकात गेली. परत आली तर खोलीत पोरगी नव्हती. आधी तिनं गल्ली बघितली, मग शेजारची घरं, मग नळ. मग तिनं पायांत चपलाही न घालता शहराचे दरवाजे धरले. रोशन गेट, कटकट गेट, दिल्ली दरवाजा. भाजीवाल्यांना, टांगेवाल्यांना, दारात बसलेल्या भिकाऱ्यांना विचारत सुटली. हिरवा झंपर, दोन वेण्या, हातात गठुडं. हो, भाकरीचं फडकं खुंटीवर नव्हतं हे तिनं पाहिलं होतं. दिल्ली दरवाजापाशी एक पानवाला म्हणाला की अशी एक पोरगी हर्सूलकडं जाताना दिसली खरी.

मेहरून हर्सूलपर्यंत पळत गेली. तलावाशी बायका धुणी धूत होत्या. त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं. मेहरून काठाकाठानं चालू लागली आणि पलीकडच्या अंगाला, गवताशी, पाण्यावर तिला हिरवं काहीतरी दिसलं. ती साडीसकट पाण्यात शिरली. पाणी छातीला लागलं, पाय चिखलात रुतले, तरी ती जात राहिली. हात पुरला तेव्हा ते कुणाच्या तरी जुन्या सदऱ्याचं लक्तर निघालं. ते हातात धरून ती तिथंच उभी राहिली. पोरगी नाही म्हणून तिला बरं वाटलं नाही. उलट तळाशी असेल असं वाटलं, आणि ती वाकून दोन्ही हातांनी चिखल चाचपू लागली. धुणं टाकून दोघी बायका आत आल्या आणि तिला काखेत धरून बाहेर ओढलं. "बाई, कोन गेलं तुमचं?" एक विचारत राहिली. मेहरूनच्या दातांवर दात आपटत होते.

नवाब टांगा घेऊन तिला शोधत आला तो तिथं. सकाळपासून त्याच्या डोक्यात काहीतरी टोचत होतं आणि दुपारी त्याला ते बोलणं आठवलं होतं. त्यानं आपल्या खांद्यावरची चादर तिच्या अंगावर टाकली आणि टांगा उलटा फिरवला. छावणीपाशी त्यांना खुलताबादेकडं जाणारी बस मिळाली. बसमध्ये मेहरून उभीच राहिली. नवाबनं बसायला सांगितलं तरी बसली नाही.

ऊन तांबडं झालं तेव्हा ती दोघं किल्ल्याच्या पहिल्या दारात पोहोचली. आत चौकात सांडू नावाचा राखणदार दगडावर बसला होता आणि त्याच्या शेजारी शमशाद. तिचे पाय सोलून निघाले होते. मांडीवर भाकरीचं फडकं होतं, गाठ तशीच.

"तुमची का ही?" सांडू उठला. "दुपारधरनं हिंडाया लागलीय. वरपस्तोर जाऊन आली. दिसल त्याला इचारती, गयास दरवान कुठं बसतो. म्या म्हणलं, बाई, हितं दरवान मीच हाय. तर माज्या तोंडाकडंच बघत बसली."

मेहरूननं पोरीला छातीशी धरलं. शमशाद रडली नाही. दमलेल्या माणसासारखी हळू बोलली.

"अब्बा इधर नै हैं. मै सबकू पूछी. उनकी बदली हो गई क्या?"

तेव्हा सांगता आलं असतं. नवाब होता, अजून उजेड होता, लेक मिठीत होती. मेहरूननं तोंड उघडलं. पोरीच्या डोळ्यांत अजून थोडं काहीतरी तग धरून होतं, आणि ते आपल्या हातानं विझवायची तिची छाती झाली नाही.

"हौ बेटा," ती म्हणाली. "बदली हो गई."

सांडूनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

घरी येऊन शमशादला ताप भरला. तापात ती गावांची नावं घ्यायची. पैठण का? जालना का? बीड का? ताप उतरला तशी ती उठून बसली आणि नीट जेवू लागली. मेहरूनला बरं वाटलं. मग एक दिवस अंथरूण झटकताना उशाखाली फडकं सापडलं. त्यात भाकरीचे तुकडे होते, काही वाळलेले, काही कालचे. पोरगी पुढच्या प्रवासाची तयारी करत होती.

त्यानंतर मेहरूनचं मन ठिकाणावर राहिलं नाही. झोपताना ती आपल्या पदराचं टोक पोरीच्या मनगटाला बांधायची. बाहेर जायचं झालं की पोरीला आत ठेवून बाहेरून कडी घालायची. शमशाद दार वाजवायची, ओरडायची, मग थकून गप्प व्हायची. गल्लीतली माणसं ऐकायची. नवाब एकदा म्हणाला, "ऐसा नको करो बेटी." तिनं त्याच्याकडच्या रजया घेणंच बंद केलं आणि लांबच्या मोहल्ल्यातून काम आणू लागली, म्हणजे पोरगी आणखी जास्त वेळ कोंडलेली राहू लागली.

त्या वर्षी साळूबाई आली तेव्हा मेहरून नुकतीच परतून कडी काढत होती. आत शमशाद दारामागं बसली होती. हाताच्या मुठी लाल झाल्या होत्या.

साळूबाईनं बाजरीचं गठुडं खाली टेकवलं. "लेकराला कोंडलंस व्हय?"

शमशाद उठून बाहेर उन्हात गेली. साळूबाई वाट बघत राहिली, आणि मग मेहरून खाली जमिनीकडं बघत म्हणाली, "आक्का, तुला बोलायचं होतं ते बोल."

इतकी वर्षं साळूबाईच्या ओठांवर असलेलं ते आता काही केल्या बाहेर येईना. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"त्याच दिशी गेला तो," ती शेवटी म्हणाली. "आमचं मानूस पोचलं तवा काय बी राहिलं नव्हतं. आमच्या मालकानं त्याला आपल्या शेतात आणला अन् बांधाला पुरला. कुनाला कळलं असतं तर आमचं बी घर ऱ्हायलं नसतं, म्हून बोललो नाय. तुला सांगाया बघत व्हते, पर तू..."

"मी ऐकत नव्हते," मेहरून म्हणाली.

ती रडली नाही. भिंतीजवळ जाऊन बसली, आणि दोन्ही हातांतल्या बांगड्या तटाच्या दगडावर आपटून फोडल्या. साळूबाईनं तिच्या मनगटावरचं रक्त पदरानं टिपलं.

दुसऱ्या दिवशी तिघी वैजापूरच्या बसमध्ये बसल्या. शमशादला काय सांगायचं हे मेहरूननं आदल्या संध्याकाळपासून मनात घोळवलं होतं, पण सकाळी पोरीनं विचारलं, कुठं जायचं, तेव्हा तिच्या तोंडून एवढंच निघालं, "अब्बा के पास." शमशादनं ईदचा झंपर घातला. स्वतःच्या हातानं तेल लावून वेण्या घातल्या. बसमध्ये ती सारखी काचेतून बाहेर बघत होती आणि मधूनच मेहरूनच्या उघड्या मनगटांकडं. साळूबाई सबंध वाटभर पदर तोंडाशी धरून बसली होती.

बन्सी बांधावर उभा होता. मेहरूननं त्याला पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. तो आता वाकला होता. लिंबाखाली काही दगड लांबट ओळीत मांडलेले होते आणि तेवढा पट्टा त्यानं नांगराविना सोडला होता. मेहरून दगडांपासून दूरच थबकली. शमशाद इकडंतिकडं बघत होती. तेव्हा बन्सीच पोरीसमोर उकिडवा बसला.

"तुजा बाप हितं हाय, बाई."

"कां हैं?"

"हितं. खाली." त्यानं दगडांवर हात ठेवला. "तू लई बारकी व्हतीस. म्याच ठिवला त्याला. तोंड कोनीकडं करायचं असतंय तुमच्यात, ते मला ठावं नव्हतं. इचारायचं कुनाला? गावातल्या मशिदीच्या भिंतीकडं बगून तसंच केलं. चुकलं असंल तर चुकलं. किल्ल्या मुठीत व्हत्या त्याच्या. मूठ उघडंना, मंग तशाच ऱ्हाऊ दिल्या."

शमशादनं दगडांकडं पाहिलं. मग मागं, जिकडून आलो तिकडं. मग सपाट रानाकडं, जिथं कापलेल्या बाजरीची धसकटं सोडून काही नव्हतं.

"इधर तो दीवार बी नै," ती म्हणाली.

आणि खाली बसून ती दगड उचकटू लागली. एक बाजूला टाकला, दुसरा टाकला. मेहरून धावली आणि तिनं तिला मागून धरलं. शमशादनं तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, बांगडीनं झालेल्या जखमेवरच. मेहरूननं हात सोडला नाही. पोरगी हातपाय झाडत होती, आणि तिच्या घशातून जो आवाज निघत होता तसा मेहरूननं कधी ऐकला नव्हता. साळूबाई बांधावर बसून मोठ्यानं रडू लागली. बन्सीनं बाजूला पडलेले दगड उचलून एकेक जागेवर ठेवले. बऱ्याच वेळानं पोरगी ढिली पडली.

शहरात परत आल्यावर मेहरूननं कडी घालणं बंद केलं. गरजही राहिली नव्हती. शमशाद कुठं जात नव्हती. ती शाळेत जायची, पाणी भरायची, रजईला टाके घालायला शिकली, आणि आईशी कामापुरतं बोलायची. झोपताना तोंड भिंतीकडं करायची. मेहरून तिच्या पाठीकडं बघत पडून राहायची. जेवताना ती पोरीला काही सांगायला जायची, आणि पोरगी ताट उचलून उंबऱ्याशी जाऊन बसायची. नवाबकडचं काम पुन्हा सुरू झालं, कारण शमशादच एक दिवस त्याच्या दारात जाऊन रजई घेऊन आली.

असा एक उन्हाळा गेला, एक पावसाळा गेला. थंडीला सुरुवात झाली होती. दोघी एकाच मोठ्या रजईच्या दोन टोकांना बसून टाके घालत होत्या. शमशाद सुई न थांबवता बोलली.

"अब्बा दिखने में कैसे थे? सच बोलो."

मेहरूनचा हात थांबला. मग ती सांगू लागली. जपून, एकेक गोष्ट तपासून, जेवढं खरं तेवढंच. उंचीला बेताचे होते. एक खांदा थोडा खाली. दाढी एका गालावर विरळ यायची, म्हणून दोन्हीकडची बारीक ठेवायचे. कुत्र्यांना भ्यायचे. भाजीत मीठ कमी पडलं की बोलायचे नाहीत, पण ताट अर्धं ठेवून उठायचे. तुला खांद्यावर घेऊन नाक्यावर न्यायचे आणि बांबू वर जाताना तुझा हात त्याला लावायचे, म्हणजे तूच तो वर केलास असं तुला वाटायचं.

शमशाद ऐकत होती. तिची सुई आता थांबली होती. ती रजईवरून थोडी पुढं सरकली.

"और आवाज? आवाज कैसी थी?"

मेहरूननं तोंड उघडलं. गयासचा आवाज आठवायला ती त्या शेवटच्या सकाळपर्यंत गेली. तो भाकरी बांधत होता, ओठ हलत होते, शब्दही तिला पाठ होते. पण कानावर आला तो दुसराच आवाज, जाड आणि शांत, जो तिनं इतकी वर्षं रोज संध्याकाळी अमानपूरच्या दरवानाला दिला होता. तिनं डोळे मिटले आणि पुन्हा ऐकून पाहिलं. पुन्हा तोच.

"याद नै," ती म्हणाली. "नै याद आ री बेटा."

शमशादनं बराच वेळ तिच्याकडं पाहिलं. ती चिडली नाही, रडलीही नाही. मेहरून मात्र रजईत तोंड खुपसून रडू लागली, सहा वर्षं न रडलेली बाई, सगळं अंग गदगदा हलेपर्यंत. नवाबच्या दारातला पिंजणीचा आवाज थांबला.

शमशादनं आईच्या हातातून सुई काढून घेतली, टोचू नये म्हणून कापडात खोचून ठेवली, आणि आपल्या बाजूचे टाके पुढं घालू लागली.